कविता पाठ असते म्हणजे नेमके काय असते?

पालकसभांमध्ये आणि शिक्षणावरच्या चर्चांमध्ये एक वाक्य हल्ली हमखास ऐकू येते: मुलांना कविता पाठ करायला लावू नका, ती समजू द्या. पाठांतर हे जिभेचे काम आणि समज हे डोक्याचे, असे त्यात गृहीत धरलेले असते. स्मरणशक्तीवर सव्वाशेहून अधिक वर्षे प्रयोग चालू आहेत आणि त्यांतून दिसणारे चित्र याहून फार वेगळे आहे. छंदातली ओळ आठवताना मेंदू जे करतो, त्याइतके देखणे काम तो क्वचितच करत असेल.

सुरुवात हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकापासून करावी लागते. त्याने 1885 साली स्मृतीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तोही तोच. त्याने सुमारे 2,300 अर्थहीन अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि किती वेळा म्हटल्यावर यादी बिनचूक येते ते मोजले. तुलनेसाठी त्याने बायरनच्या एका दीर्घकाव्याची कडवीही पाठ केली. तेवढ्याच लांबीच्या कवितेला साधारण एक दशांश कष्ट पुरले. हे उरलेले नऊ दशांश कष्ट वाचवले कोणी?

थोडे श्रेय अर्थाला जाते. पण अर्थ शब्द टिकवत नाही. 1967 साली जॅकलिन सॅक्स यांनी दाखवले, की गद्य उतारा ऐकल्यावर जेमतेम अर्ध्या मिनिटात वाक्याची नेमकी शब्दरचना डोक्यातून जाते, आशय तेवढा राहतो. म्हणूनच बातमी आपण आपल्या शब्दांत सांगतो आणि कविता मात्र कवीच्या शब्दांत म्हणतो. यातला फरक कुठून येतो, याचे मला पटलेले उत्तर ड्यूक विद्यापीठातल्या डेव्हिड रुबिन यांनी दिले आहे. मौखिक परंपरांमधल्या स्मृतीवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. त्यांचे म्हणणे असे: ओळ डोक्यात अखंड साठवलेली नसते. ती दर वेळी नव्याने उभी राहते आणि अनेक बंधने एकाच वेळी चुकीचे शब्द गाळत जातात.

एक छोटा प्रयोग करा. कुणालाही म्हणा, स्वयंपाकघरातली एखादी वस्तू सांग. पातेले, परात, कढई, झारा, काहीही येईल. दुसऱ्या कुणाला म्हणा, ‘वा’ने संपणारा दोन अक्षरी शब्द सांग. हवा, दिवा, थवा, जावा, काहीही येईल. आता तिसऱ्याला दोन्ही अटी एकदम घाला आणि म्हणा, चुलीवर ठेवायची वस्तू आहे. ‘तवा’ लगेच येतो. एकट्या अर्थाने किंवा एकट्या यमकाने क्वचितच सुचणारा शब्द दोन्ही मिळून जवळपास प्रत्येकाला सुचतो, हे रुबिन आणि वॉलेस यांनी 1989 मध्ये इंग्रजी शब्दांवर दाखवले. दोन अटींचा परिणाम बेरजेपेक्षा कितीतरी मोठा असतो.

हीच गोष्ट मराठी घरात रोज म्हटल्या जाणाऱ्या एका श्लोकात तपासता येते.

मना सज्जना भक्तिपंथेचि जावे
तरी श्रीहरी पाविजे तो स्वभावे
जनीं निंद्य ते सर्व सोडूनि द्यावे
जनीं वंद्य ते सर्व भावे करावे

वृत्त भुजंगप्रयात. शाळेतला ‘यमाचा’ हा गण चार वेळा, म्हणजे लघु-गुरू-गुरू चार वेळा, एकूण बारा अक्षरे. लघु म्हणजे ऱ्हस्व उच्चाराचे अक्षर, गुरू म्हणजे दीर्घ उच्चाराचे किंवा ज्याच्यापुढे जोडाक्षर येते ते. आता ‘सज्जना’च्या जागी ‘सुजना’ म्हणून पाहा. अर्थ जवळपास तोच आहे, पण जीभ अडखळते, कारण तिसऱ्या जागी गुरू हवा आणि ‘सु’ लघु आहे. ‘सज्जना’त पुढच्या जोडाक्षरामुळे ‘स’ गुरू होतो. ही चूक वृत्ताने पकडली. मग ‘भक्तिपंथेचि’ऐवजी ‘भक्तिमार्गेचि’ म्हणा. वृत्त काहीच हरकत घेत नाही, अर्थही नाही. पोथ्यापोथ्यांतले कित्येक पाठभेद असेच, बंधनांना न खटकणाऱ्या जागी, शिरलेले असणार असे मला वाटते. तिसरा प्रयोग सर्वांत बोलका आहे. ‘निंद्य’ आणि ‘वंद्य’ यांची अदलाबदल करा: ‘जनीं वंद्य ते सर्व सोडूनि द्यावे’. वृत्त शाबूत, यमक शाबूत, ओळ सुरेल. ही चूक फक्त अर्थ पकडू शकतो. ज्या मुलाला दोन्ही शब्दांचे अर्थ माहीत नाहीत ते इथे चुकेल, आणि ज्याला माहीत आहेत त्याला ‘निंद्य’ म्हणताच ‘वंद्य’ आपोआप समोर येईल. समज ही पाठांतराची प्रतिस्पर्धी नाही, ती त्याच यंत्रणेतले एक बंधन आहे.

आता थोडे गणित. बारा जागा, प्रत्येक जागी लघु किंवा गुरू, म्हणजे 2 चा 12 वा घात, 4,096 आराखडे. चरणाच्या शेवटच्या अक्षराला गुरू मानायची मुभा असल्याने त्यांतले दोन चालतात, म्हणजे 2,048 मध्ये एक. 2,048 हा 2 चा 11 वा घात, म्हणून माहितीशास्त्रात याला 11 बिट म्हणतात, एक बिट म्हणजे एका हो-नाही प्रश्नाचे उत्तर: ओळ ओळखायला लागणाऱ्या माहितीपैकी 11 बिट वृत्त पुरवते. प्रत्यक्षात लघु आणि गुरू सारख्या प्रमाणात येत नाहीत, त्यामुळे आकडा ढोबळ आहे. गंमत पुढे आहे. ही माहिती प्रत्येक ओळीसाठी वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. मनाचे श्लोक 205, म्हणजे 820 चरण, आणि त्या सगळ्यांचा साचा एकच. तो एकदा कानात बसला की 820 वेळा कामाला येतो. संगणकात फाइल आकुंचित करताना पुन्हा पुन्हा येणारा आकृतिबंध एकदाच साठवतात, तेच इथे घडते.

बंधने सैल केली की काय होते ते जात्यावरच्या ओव्यांत दिसते. ओवीला लघु-गुरूची सक्ती नाही. तिला यमक, चाल आणि जात्याची लय पुरते. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या वाचताना तीच ओवी गावागणिक थोडी वेगळी होत जाते. बाई दळताना आठवतही असते आणि रचतही असते, आणि यातली सीमारेषा तिला स्वतःलाही दाखवता येणार नाही. 1930 च्या दशकात युगोस्लाव्हियात मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड या मौखिक काव्याच्या अभ्यासकांनी ध्वनिमुद्रित केलेल्या शाहिरांचे असेच होते. शब्दन् शब्द तोच गातो असे ते सांगत आणि ध्वनिमुद्रणे वेगळी निघत. ते खोटे बोलत नव्हते. ठरलेली शब्दबंधे आणि वृत्त यांतून गाणे दर वेळी उभे राहत होते.

इथे मोबाइलवर फिरणाऱ्या एका संदेशाचा समाचार घेतलाच पाहिजे: ‘संस्कृत मंत्र म्हटल्याने मेंदू वाढतो, विज्ञानाने सिद्ध’. यामागे 2016 चा एक खरा अभ्यास आहे. 21 वैदिक पंडित आणि 21 इतर व्यक्ती यांच्या मेंदूंची एमआरआय तुलना त्यात होती आणि पंडितांच्या मेंदूच्या काही भागांत करडे द्रव्य जास्त आढळले. पण ही एकाच वेळी केलेली तुलना आहे. फरक भाषेचा, वर्षानुवर्षांच्या सरावाचा की मुळातच चांगली स्मृती असणाऱ्यांनी हा मार्ग धरल्याचा, हे तिच्यातून कळत नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूतही असाच फरक आढळला आणि हाच प्रश्न आला तेव्हा संशोधकांनी शिकाऊ चालकांचे मेंदू प्रशिक्षणाआधी आणि नंतर तपासले आणि 2011 मध्ये सरावाचाच परिणाम दाखवून दिला. मंत्रांबाबत असा पुरावा येईपर्यंत ‘सिद्ध’ हा शब्द वापरणे ही फसवणूक आहे. पाठांतराला असल्या जाहिरातीची गरजही नाही.

रोजच्या जगण्यात कविता पाठ करायची तर एकच गोष्ट आवर्जून करावी: पुस्तक लवकर मिटावे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी गद्य उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी एका सत्रात वाचून उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने पारडे फिरले, वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवले आणि आठवणाऱ्यांना 61. अडखळत, चुकत, आठवायचा प्रयत्न करणे हाच सराव. बस थांब्यावर, कणीक मळताना, झोपण्यापूर्वी दोन कडवी न बघता म्हणावीत. चुकलेला शब्द वृत्ताने पकडला, यमकाने की अर्थाने, हेही पाहावे. आणि जो तिघांच्याही हातून सुटला तो पुस्तक उघडून शोधावा.

लिहिणाऱ्यांनी हीच यंत्रणा उलटी चालवून पाहावी. भुजंगप्रयातात चार ओळी रचा, विषय अगदी लोकलचा उशीर किंवा गच्चीतले कुंडीतले रोप असला तरी चालेल. ‘प्लॅटफॉर्म’ बसत नाही, ‘फलाट’ही नाही, मग ‘फलाटावरी’ सुचते: लघु, गुरू, गुरू, लघु, गुरू. पुढे कुणीतरी ‘थांबलेली’ असते, आणि ती कोण हे यमक ठरवू लागते.