यान न पाठवताही परग्रहावरची हवा ओळखता येते

यान उतरल्याशिवाय ग्रहावरच्या हवेत काय आहे ते कळत नाही, बाकी सगळे अंदाज, असा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे. शुक्रावरचा कार्बन डायऑक्साइड अ‍ॅडम्स आणि डनहॅम या खगोलशास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या दुर्बिणीतून ओळखला. शुक्राची हवा थेट मोजणारे सोव्हिएत यान व्हेनेरा ४ तिथे पोहोचले १९६७ मध्ये.

प्रत्येक वायू प्रकाशातल्या ठरावीक तरंगलांबी शोषतो. ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेच्या पातळ कडेतून गाळून आपल्याकडे येतो. ज्या तरंगलांबीला वायू प्रकाश शोषतो, तिथे ग्रह ताऱ्याचा जास्त प्रकाश अडवतो आणि किंचित मोठा भासतो. २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने सुमारे ७०० प्रकाशवर्षे दूरच्या वास्प-३९बी ग्रहावरचा कार्बन डायऑक्साइड असाच टिपला. त्याची खूण ४.३ मायक्रॉन तरंगलांबीजवळ (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) स्पष्ट उमटली. हा अंदाज नव्हे, हे मोजमापच आहे!

मर्यादा मात्र खऱ्या आहेत. उंचावरचे ढग खुणा पुसट करतात. नायट्रोजन अवरक्त (लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश फारसा शोषत नाही, म्हणून तो सापडणे कठीण. आणि वायूचे नेमके प्रमाण सांगताना तापमान, दाब, ताऱ्यावरचे डाग हे सगळे हिशेबात धरावे लागते.