कॉर्न स्नेक आणि गार्टर स्नेक: एका टँकमधे कोण राहू शकतं, कोण नाही

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आपल्या मंडळींत ज्यांच्या पोरांनी हट्ट करून घरात साप आणायला लावलाय, त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. कॉर्न स्नेक एकटाच आहे, बिचाऱ्याला कंटाळा येत असेल, अजून एक आणू का? मग कोणीतरी व्हिडिओ पाठवतं, मोठा टँक, आत पाच-सहा साप एकमेकांच्या अंगावर निवांत पसरलेत, सगळं कसं छान चाललंय, मग आमच्याकडे का नको? अहो, नीट बघा, तो व्हिडिओ बहुतेक वेळा गार्टर स्नेकचा असतो.

दोघांची गल्लत होते त्यात नवल नाही. दोन्ही उत्तर अमेरिकेतले, बारीक अंगाचे, माणसाला धोका नसलेले, आणि पहिल्यांदा साप पाळणाऱ्याला दुकानदार हीच दोन नावं सुचवतो. ओळखायला सोपे आहेत तसे. गार्टरच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत पिवळट उभ्या रेघा, कॉर्नच्या पाठीवर केशरी-तांबूस मोठे डाग आणि पोटाखाली काळा-पांढरा बुद्धिबळाचा पट. (पाळीव कॉर्नमधे इतके रंग काढलेत की डाग कधी कधी दिसतच नाहीत, ते सोडा.) खरा फरक आहे तो दुसऱ्या सापाशी वागण्यात.

आधी गार्टर. कॅनडात मॅनिटोबा प्रांतात विनिपेगच्या उत्तरेला नार्सिस नावाची जागा आहे, तिथे चुनखडीच्या दगडात खोल भेगा आणि खड्डे आहेत, जमीन गोठते त्याच्याही खाली जाणारे. हिवाळ्यात हजारो गार्टर त्यात उतरतात आणि एप्रिलच्या शेवटी, मे महिन्यात बाहेर येतात. नर आधी येऊन तोंडाशीच थांबतात, मग मादी आली की तिच्याभोवती नरांचा गुंताच्या गुंता. रस्ता ओलांडताना फार साप मरायला लागले म्हणून तिथे महामार्गाखालून त्यांच्यासाठी बोगदे काढलेत, बाजूने कुंपण लावलंय, म्हणजे गर्दी किती असेल बघा.

आता कोणी म्हणेल, थंडीला घाबरून एका बिळात घुसले, त्यात कसली आलीये मैत्री! बरोबर आहे, नुसत्या नार्सिसवरून काही सिद्ध होत नाही. पण कॅनडातल्याच विल्फ्रिड लॉरिए युनिव्हर्सिटीत एक प्रयोग झाला, 2020 ला प्रसिद्ध झाला. 40 तरुण गार्टर, एका वेळी 10 एका कुंपणात, आणि लपायला चार आडोसे. दिवसातून दोनदा कोण कोणाबरोबर आहे याचे फोटो काढायचे, सगळ्यांना उचलून जागा पुसून घ्यायची आणि त्यांना मुद्दाम भलत्याच ठिकाणी सोडायचं. तर हे पठ्ठे पुन्हा जवळपास त्याच टोळक्यांत जाऊन बसायचे. आडोसा रिकामा असूनही दुसरा साप जिथे आहे तिथे जाणं, आणि तेही ठरावीक सापाकडे. गार्टर सोबत शोधतो असं म्हणायला हा पुरावा मला पुरेसा वाटतो.

आता कॉर्न. न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्सपासून खाली फ्लोरिडापर्यंत, पाइनच्या जंगलात, पडक्या कोठारात, झाडाच्या सुटलेल्या सालीखाली, उंदरांच्या बिळात, जिथे असेल तिथे आपला आपला असतो. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की आपापल्या वाटेने जातात. मोठे साप भेटतात ते वसंतात, जोडीसाठी, आणि नर नराला भेटला तर तिथे दाबादाबीची कुस्ती. थंडीत चांगल्या बिळात एकापेक्षा जास्त सापडू शकतात, पण ते बिळासाठी.

आणि टँकमधे नेमकं हेच होतं. दोन कॉर्न एकाच आडोशाखाली वेटोळं करून बसलेले दिसतात आणि घरातले म्हणतात बघा किती माया आहे. पण टँकचं एक टोक उबदार ठेवतात आणि दुसरं थंड, आणि त्या उबेच्या बाजूला आडोसे कितीसे असतात? एकच. तिथे 30 डिग्रीच्या आसपास तापमान, अंग वरून-खालून दाबलं जाईल अशी अंधारी जागा, आणि ती दोघांनाही हवीये. लोकलमधे चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसलेला माणूस शेजारच्याच्या प्रेमात नसतो, हे त्यातलंच. उबेच्या बाजूला एकसारखे दोन आणि थंड बाजूला दोन आडोसे ठेवून बघा, बऱ्याचदा साप वेगळे झालेले दिसतील. नाही झाले तरी लगेच मैत्री म्हणू नका, कारण चांगली जागा कोणती ते शेवटी सापच ठरवणार.

लोकांची अजून एक समजूत म्हणजे भांडत नाहीत म्हणजे ठीक आहे. कुत्र्या-मांजरासारखा साप गुरगुरत नाही की केस ओरबाडत नाही. कॉर्नचा त्रास गप्प असतो. एक जण सतत थंड कोपऱ्यात किंवा पाण्याच्या भांड्यात पडून राहतो, खाणं सोडतो, वजन उतरत जातं, कधी खाल्लेलं ओकतो. आणि ओकण्यावरून खरी पंचाईत कळते. सकाळी टँक उघडला, आत तो वास, ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही, कोपऱ्यात अर्धवट विरघळलेला उंदीर, केस गेलेले, नुसता चिकट गोळा, आणि दोन साप दोन बाजूंना साळसूदपणे बसलेले. कोणी ओकलं? कॉर्न ओकला की त्याला आठवडाभर तरी काही द्यायचं नसतं, नंतरचा घास छोटा द्यायचा, लागोपाठ ओकला तर डॉक्टर. पण कोण ते माहीतच नसेल तर उपाशी ठेवायचं कोणाला? विष्ठेचंही तेच, माइट्सचंही (अंगावर राहून रक्त पिणारे बारीक किडे) तेच. क्रिप्टो नावाचा एक परजीवी आहे, सापाच्या जठरात बसतो, मग अंगाच्या मधोमध फुगवटा येतो, साप ओकत राहतो, आणि साध्या ब्लीचने तो मरत नाही. एकाला असेल तर टँक एक म्हणजे दोघांनाही धरून चाला.

खायला घालताना तर बघायलाच नको. कॉर्न वासावर चालतो. फ्रीझरमधला उंदीर गरम पाण्यात सोडून चिमट्याने पुढे केला की टँकभर तो वास, दोघांच्या जिभा सुरू. एकाने तोंडाकडून धरला, दुसऱ्याने शेपटीकडून, दोघंही गिळत गिळत मधे येतात आणि तिथे समोरच्याचं तोंड लागतं. सापाचे दात आतल्या बाजूला वळलेले, धरलेलं सोडणं त्याला सोपं जात नाही, आणि समोरच्याच्या अंगाला उंदराचाच वास येतोय. कॉर्नने कॉर्न गिळल्याच्या घटना रोजच्या नाहीत पण झालेल्या आहेत, विशेष करून पिल्लांत आणि लहान-मोठे एकत्र ठेवले तर. बहुतेक वेळा शेवट असा होतो की गिळणाराही मरतो, कारण ते पचवायला जमत नाही. खाताना वेगळ्या डब्यात काढतो की, असं लोक म्हणतात. काढा, पण परत टाकल्यावरही उंदराचा वास तोंडाला असतोच.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो तिसऱ्या गोष्टीचा. दुकानातून पिल्लांची जोडी आणतात, दोन्ही मादी आहेत असं सांगितलेलं असतं, आणि पिल्लाचं नर-मादी ओळखणं हे काम सरावाच्या माणसाचं आहे, नुसतं बघून कळत नाही. दीड वर्षात नर तयार होतो. मादी मात्र साधारण तीन वर्षांची आणि तीनशे ग्रॅमची होईपर्यंत अंडी घालायला लावू नये असा पाळणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. त्याआधी अंडी धरली तर वाढीला लागणारी ताकद अंड्यात जाते, आणि अंगात अडकली तर ऑपरेशन नाहीतर मृत्यू. 'जोडीला मैत्रीण' आणून ही वेळ त्या सापावर कशाला आणायची?

ब्रीडर, म्हणजे सापांची पैदास करणारे, तर एकत्र ठेवतात की, हा शेवटचा युक्तिवाद. ठेवतात, नर मादीच्या डब्यात काही दिवस, समोर लक्ष ठेवून, मग बाहेर. बाकी वर्षभर त्यांच्याकडे एकेका डब्यात एकेकच साप असतो, शेल्फावर रांगेने.

गार्टरला तरी सगळं माफ आहे का? नाही. तोही गांडुळाच्या दोन टोकांना दोघं लागले की तसाच अडकतो, त्यामुळे खाताना त्यांनाही वेगळं करावं लागतं. आकार सारखा हवा. एका मादीवर चार नर सोडले तर ते तिला जगू देत नाहीत, म्हणून सगळ्या माद्या ठेवणं बरं. गार्टर अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, एका वेळी वीस-तीससुद्धा, तेव्हा चुकून एक नर राहिला तर घरात बालवाडी. नवा साप आणला की आधी दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत. एवढं सांभाळलं तर गार्टरचा गट खरंच बघण्यासारखा असतो, दिवसा जागे, सारखे फिरतायत. पोरांना गंमतच हवी असेल तर मी म्हणेन तीन गार्टर घ्या, कॉर्न घ्यायचा तर एकच घ्या. आणि एक गार्टर एक कॉर्न असा मेळ तर अजिबात नको.

जाता जाता, जॉर्जियात म्हणजे अटलांटाच्या मंडळींना कॉर्न पाळताच येत नाही, तिथला देशी बिनविषारी साप आहे म्हणून कायद्याने बंद, तेव्हा आपल्या राज्याचा नियम आधी बघा. आणि भारतात धामण-बिमण पकडून टँकमधे ठेवायचा विचार कोणाच्या मनात येत असेल तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

ज्यांच्याकडे आत्ता दोन कॉर्न एकत्र आहेत त्यांनी आजच दुसरा टब आणावा. झाकणाला क्लिप असलेला प्लास्टिकचा टब, बाजूला भोकं, खाली पेपर टॉवेल, एका टोकाला थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट, दोन आडोसे, पाणी, तात्पुरतं एवढ्यावर भागतं. दोघांचं वजन किचनच्या काट्यावर करून लिहून ठेवा, आठवडाभर हात लावू नका, मग नेहमीपेक्षा एक आकार छोटा उंदीर द्या. आणि त्यातली एक मादी असायची शक्यता असेल तर तिच्या टबमधे अंडी घालायला ओल्या मॉसचा (शेवाळाचा), वरून भोक पाडलेला एक डबा ठेवाच, कारण नर वेगळा केल्यावरही मादी त्याचे शुक्राणू अंगात साठवून ठेवू शकते आणि अंडी नंतरही येऊ शकतात. पोटाचा मागचा भाग जाड वाटायला लागला, खाणं बंद झालं आणि ती त्या डब्यात सारखी आत-बाहेर करायला लागली, की सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर जवळपास कोण आहे ते तेव्हाच शोधून ठेवा.