टक्के कशाचे? हातापायांच्या दुखापती, त्यांचे मोजमाप आणि शस्त्रक्रिया यांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अपघातातून उठलेल्या माणसाला भेटायला येणारा पहिल्या महिन्यात "हाड जुळलं का?" असे विचारतो आणि वर्षभराने "किती टक्के बसले?" असे विचारतो. पहिला प्रश्न शस्त्रक्रियेचा आहे, दुसरा अपंगत्वाच्या टक्क्यांवर मागितल्या जाणाऱ्या नुकसानभरपाईचा. या दोन प्रश्नांच्या मध्ये मोजमापाचे एक शास्त्र उभे आहे. ते मुळात उपचाराचा परिणाम तपासण्यासाठी तयार झाले आणि पुढे न्यायालयाने ते आपल्या कामासाठी उसने घेतले. सध्याच्या बहुतेक वादांचे मूळ या उसनवारीत आहे.

या भागातला जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. हाडवैद्य बांबूच्या कामट्या लावून, कापडाच्या पट्ट्यांनी अवयव घट्ट आवळून हाड बसवत असत. त्यात साधी मोडलेली हाडे जुळतही, पण पट्टी फार आवळली गेली की रक्तपुरवठा तुटून बोटे काळी पडत, किंवा हात कायमचा आखडून बसे. प्लास्टरची पट्टी १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला एका डच लष्करी शल्यविशारदाने रूढ केली आणि क्ष-किरणांचा शोध १८९५ चा आहे. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाच्या लोकांपर्यंत आधुनिक शल्यचिकित्सा प्रथम पोहोचली ती प्रामुख्याने १८९० च्या दशकात मिरजेत उभ्या राहिलेल्या मिशनच्या दवाखान्यातून. अथणी-कागवाडकडची माणसे आजही सवयीने मिरजेची वाट धरतात. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. तो म्हैसूर राज्यात गेल्यानंतर सात वर्षांनी, १९६३ मध्ये, शहरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि रुग्णांचा ओघ उलटा फिरला. चंदगड, गडहिंग्लज, सावंतवाडीची माणसे सीमा ओलांडून बेळगावला येऊ लागली. राज्यांची सीमा एकीकडे आणि मोडलेल्या हाडांची वाट दुसरीकडे, ही स्थिती तेव्हापासूनची आहे.

दुखापतींचे स्वरूप व्यवसायाप्रमाणे बदलत गेले. गुऱ्हाळाच्या चरकात सापडलेला हात, मळणी यंत्राने ओढून घेतलेली बोटे, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत पायावर पडलेला साचा, गळीत हंगामात रात्री दिव्याविना उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळलेली मोटारसायकल हे इथले ठरलेले प्रकार आहेत. मळणी यंत्रांच्या अपघातांमुळे केंद्राला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. पुणे-बेंगळुरू महामार्ग चौपदरी झाल्यावर मात्र मांडीच्या आणि नडगीच्या हाडांचे, त्यातही कातडी फाडून बाहेर आलेल्या हाडांचे रुग्ण इतर सगळ्या प्रकारांपेक्षा अधिक डोळ्यांत भरू लागले.

मोजण्याची साधने पाहिली तर ती आश्चर्य वाटावे इतकी साधी आहेत: एक फीत, एक कोनमापक आणि तपासणाऱ्याचा हात. पायाची खरी लांबी मोजताना फितीचे एक टोक कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर आणि दुसरे आतल्या घोट्यावर धरतात. भासमान लांबी बेंबीपासून घोट्यापर्यंत मोजतात. खुबा आखडून कंबर तिरकी झाली असेल, तर हाड जागच्या जागी शाबूत असूनही पाय आखूड दिसतो. म्हणून चांगला पायही आधी दुखऱ्या पायाच्याच स्थितीत ठेवून मग फीत लावायची असते. ही पायरी गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात गाळली गेल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. फितीच्या मोजणीत एखाद्या सेंटिमीटरची चूक सहज होते, आणि पुढे येणाऱ्या कोष्टकात अर्ध्या इंचालाही किंमत आहे.

सांध्याच्या हालचालीच्या नोंदीत याहून मोठा गोंधळ होता. जुन्या पद्धतीत सरळ गुडघा म्हणजे १८० अंश, तर नव्या पद्धतीत सरळ गुडघा म्हणजे ० अंश धरतात. त्यामुळे "गुडघा १२० अंशांपर्यंत वाकतो" हे वाक्य नव्या पद्धतीत जवळपास बऱ्या झालेल्या गुडघ्याचे वर्णन ठरते आणि जुन्या पद्धतीत जेमतेम ६० अंश वाकणाऱ्या ताठर गुडघ्याचे. अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने १९६५ मध्ये शून्यापासून मोजण्याची पद्धत पुस्तिकारूपाने प्रसृत केली आणि ती हळूहळू जगभर रुळली. स्नायूंच्या जोराची ० ते ५ ही श्रेणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, ब्रिटनमध्ये मज्जातंतूंच्या जखमांसाठी प्रसिद्ध झाली. ३ म्हणजे अवयव स्वतःचे वजन उचलतो, पण त्यावर हाताने दाब दिला तर टिकत नाही. ही सगळी मोजमापे वैद्यकाने वैद्यकासाठी केली होती. मागच्या महिन्यापेक्षा या महिन्यात सुधारणा आहे का, एवढेच त्यांतून पाहायचे होते.

शस्त्रक्रियेने या मोजमापांचा रोखच बदलला. मांडीचे हाड मोडले की थॉमस स्प्लिंटमध्ये, म्हणजे पाय सरळ धरून ठेवणाऱ्या चौकटीत, पाय ठेवून, त्याला वजन बांधून माणसाला कित्येक आठवडे खाटेवर ठेवण्याचा काळ गेला. जर्मनीतील कील येथे १९३९ च्या अखेरीस हाडाच्या पोकळीत सळी घालण्याचा प्रयोग झाला, १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील शल्यविशारदांच्या एका गटाने प्लेट आणि स्क्रू वापरून हाड घट्ट बसवण्याची शिस्त घालून दिली, आणि पुढे सळीला दोन्ही टोकांना स्क्रूने अडकवण्याची सोय झाल्यावर हाडाची लांबी आणि पीळ दोन्ही ताब्यात राहू लागले. सायबेरियातील कुर्गान येथे १९५० च्या दशकात विकसित झालेली, पायाभोवती धातूची कडी बसवण्याची पद्धत तर आखूड पाय वाढवूनही देते: हाड कापायचे आणि दोन भाग दररोज एक मिलिमीटर, तेही चार टप्प्यांत पाव-पाव मिलिमीटरने, दूर सरकवायचे, म्हणजे मधल्या फटीत नवे हाड धरते. परिणाम असा की "पाय आखूड पडला" ही तक्रार कमी झाली आणि "पाय वाकत नाही" ही वाढली. फितीचे महत्त्व घटले, कोनमापकाचे वाढले.

कातडी फाटून उघड्या पडलेल्या जखमांत पाय वाचवायचा की कापायचा, या निर्णयासाठीही मोजपट्ट्या निघाल्या. अशा जखमांचे १९७६ चे आणि १९८४ मध्ये सुधारलेले वर्गीकरण सर्वत्र शिकवले जाते. कोइम्बतूरच्या एका रुग्णालयाने भारतीय रस्त्यांवरच्या अपघातांच्या अनुभवावरून बनवलेली गुणपद्धती मात्र अधिक बोलकी आहे: कातडी, हाड आणि स्नायू यांना वेगवेगळे गुण द्यायचे, एकूण १४ किंवा कमी आले तर पाय वाचवायचा प्रयत्न करायचा, १७ किंवा अधिक आले तर कापण्याचा विचार करायचा आणि मधल्या गुणांना अनुभवी डोळ्याने निर्णय घ्यायचा. मधला भाग मोकळा ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा नुकसानभरपाईच्या कोष्टकांत सापडत नाही.

नुकसानभरपाईच्या क्षेत्रात टक्का आला तो १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याबरोबर. त्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, अशी यादी होती. ही टक्केवारी शरीराची नव्हती, कमाईच्या क्षमतेची होती, हे आज बहुतेकांच्या ध्यानात नसते. मोटार अपघातांसाठी १९५६ च्या दुरुस्तीने न्यायाधिकरणांची तरतूद झाली, पण त्या दुरुस्तीत अशी यादी नव्हती. दरम्यान केंद्र सरकारने १९८६ मध्ये, मग २००१ मध्ये आणि त्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती होती सवलती, आरक्षण आणि निवृत्तिवेतन यांसाठी, ज्यांतल्या बहुतेकांची किमान पात्रता ४० टक्के आहे. न्यायाधिकरणांतही पुढे तीच वापरात आली.

२००१ च्या तत्त्वांचे गणित पाहण्यासारखे आहे. पाय आखूड असल्यास पहिल्या अर्ध्या इंचाला काहीही नाही आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला ४ टक्के. म्हणजे दोन इंचांच्या फरकाला १२ टक्के. पायाच्या हालचालीला ९० आणि स्थैर्याला ९० असे दोन भाग धरतात आणि दोन्हींतले नुकसान सरळ मिळवत नाहीत. एकात ४५ आणि दुसऱ्यात ३० टक्के नुकसान असेल, तर उत्तर ७५ येत नाही, सूत्राप्रमाणे ६० येते: ४५ गेल्यावर ९० पैकी निम्मेच उरतात, म्हणून ३० चेही निम्मेच मिळवायचे. स्थैर्याच्या तपासणीत नऊ कृती आहेत आणि प्रत्येकीला १० गुण आहेत. सपाट जागी चालणे, चढावर चालणे, जिना चढणे यांच्या जोडीला त्यांत उकिडवे बसणे आणि मांडी घालून बसणे यांचाही समावेश आहे. पंगतीला मांडी घालून बसता न येणे हे नुकसान आहे, हे ओळखणारे कोष्टक आपल्याकडे आहे, ही गोष्ट माझ्या मते पुरेशी नावाजली गेलेली नाही.

आता शब्दांचा गुंता. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १९८० मध्ये तीन गोष्टी वेगळ्या केल्या गेल्या: इम्पेअरमेंट, डिसॅबिलिटी आणि हँडिकॅप. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकराचा घोटा ताठरला, ही पहिली गोष्ट. त्याला मागाची पावडी दाबता येत नाही, ही दुसरी. त्यामुळे त्याचे काम सुटले, ही तिसरी. मराठीत या तिन्हींना "अपंगत्व" म्हणतात, कन्नड कागदांत एकच "अंगविकलते" येते आणि आता दोन्हींच्या वर "दिव्यांगत्व" हा सरकारी शब्द बसला आहे. न्यायालयीन कागदपत्रांची भाषांतरे करताना माझी सर्वाधिक अडचण याच जागी होते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या छापील इंग्रजी नमुन्यात टक्क्यांच्या आकड्यानंतर शरीराचा कोणता भाग, यासाठी रिकामी जागा असते. तिथे कुणी "उजवा पाय" लिहितो, कुणी ती तशीच सोडतो. ४५ टक्के हे उजव्या पायाचे की संपूर्ण माणसाचे, याचा उलगडा त्या एका रिकाम्या जागेवर अवलंबून राहतो. घरचे लोक तर "पंचेचाळीस टक्के अपंग" असेच वाचतात आणि त्याच हिशेबाने भरपाईची अपेक्षा धरतात.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० मधल्या एका निकालात हा गुंता बराचसा सोडवला. अवयवाचा टक्का म्हणजे संपूर्ण शरीराचा टक्का नव्हे, आणि शरीराचा टक्का म्हणजे कमाईचा टक्का नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. उदाहरण डाव्या हाताचे आहे: तो कापावा लागला तर शारीरिक नुकसान सुमारे ६० टक्के धरले जाईल, पण माणूस चालक किंवा सुतार असेल तर कमाईचे नुकसान जवळपास १०० टक्के असू शकते, आणि सरकारी कारकून म्हणून नोकरीत कायम राहिला तर भावी कमाईच्या सदराखाली काही द्यावेच लागणार नाही अशीही शक्यता आहे. शारीरिक नुकसान डॉक्टरने सांगावे, कमाईचे नुकसान न्यायाधिकरणाने ठरवावे, अशी कामाची वाटणी झाली. उपचार न केलेल्या डॉक्टरांनी दिलेल्या तयार प्रमाणपत्रांबद्दल सावध राहावे, असेही न्यायालयाने बजावले. सुताराचे उदाहरण नवे नव्हते. कोपराच्या वर डावा हात गमावलेल्या सुताराला कामगार भरपाई कायद्याखाली पूर्ण अक्षम धरणे योग्य असल्याचे त्याच न्यायालयाने १९७० च्या दशकातच मान्य केले होते.

तरीही कर्नाटकातल्या निकालांत एक रीत घट्ट रुजली आहे: अवयवाच्या टक्केवारीचा तिसरा हिस्सा संपूर्ण शरीराचा धरायचा. पायाचे ४५ टक्के असतील तर शरीराचे १५. कायद्यात किंवा केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत असा भागाकार दिलेला नाही. काम लवकर उरकते आणि दोन सारख्या दाव्यांत फार तफावत पडत नाही, असे या रीतीचे समर्थक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण ऊसतोड करणाऱ्या माणसाला दिवसभर वाकून, कमरेतून वळून, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचे असते. त्याच्या ताठरलेल्या गुडघ्याला तीनने भागून १५ टक्के काढले, तर २०१० च्या निकालाने सांगितलेली तिसरी पायरी, म्हणजे या माणसाला हे काम पुन्हा करता येईल का हा प्रश्न, विचारलाच जात नाही. अपिलाची वाट तरी आता जवळची झाली आहे. २००८ मध्ये धारवाडला उच्च न्यायालयाचे फिरते पीठ सुरू झाले आणि २०१३ मध्ये ते कायम झाले. त्याआधी अपिलासाठी बेंगळुरूपर्यंत सुमारे पाचशे किलोमीटर जावे लागे, आणि एक पाय ताठ असलेल्या माणसाला एसटीच्या बाकावर ते अंतर काय पडते, हे सांगायला कोनमापक लागत नाही.

सीमेमुळे आणखी एक वळण येते. १९९४ च्या दुरुस्तीपासून दावा अपघाताच्या जागी किंवा दावेदाराच्या राहत्या जागीही दाखल करता येतो. निपाणीचा माणूस कागलजवळ जखमी झाला तर कोल्हापूर आणि बेळगाव हे दोन्ही जिल्हे त्याला खुले असतात. उपचार कोल्हापुरात, प्रमाणपत्र बेळगावचे आणि शस्त्रक्रियेची टिपणे मराठीमिश्रित इंग्रजीत, असे दावे त्यामुळे नेहमीचे आहेत. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ८६५ सीमावर्ती गावांना आपली आरोग्य योजना लागू केली, त्याला कर्नाटकाने हरकत घेतली आणि हाडाच्या शस्त्रक्रियेचा खर्च कुणी द्यायचा हा प्रश्नही सीमावादात ओढला गेला.

२०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि ओळखपत्र ऑनलाइन झाले. शरीराच्या भागासाठीची रिकामी जागा नमुन्यात आहे तिथेच आहे. ती कोरी आली की मी भाषांतरात "अवयवाचा उल्लेख नाही" असे कंसात नोंदवतो. वकील ती ओळ अधोरेखित करतात आणि डॉक्टरांना साक्षीसाठी पुन्हा बोलावले जाते.