नमस्कार कोणी कोणाला करावा? पुण्यातील संबोधनांची पार्श्वभूमी

पुण्यात बोलण्याच्या रीतीवरून निघणारे वाद बहुधा 'तू' की 'तुम्ही' यापाशी येऊन थांबतात आणि पूर्वीची माणसे कशी अदबीने बोलत, ही तक्रार त्यांच्या जोडीला असतेच. ती अदब होती हे खरे. परंतु ती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नव्हती, किंबहुना कोणाला किती मान द्यायचा याचे मोजमाप करणे हेच तिचे मुख्य काम होते.

पेशवाईतील पत्रव्यवहारात हे मोजमाप अगदी उघड दिसते. 'श्रीमंत', 'राजश्री', 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य' अशा मायन्यांची उतरंड ठरलेली होती आणि मायना उतरला म्हणजे मान उतरला, असाच अर्थ घेतला जाई. मायन्यामागोमाग येणारे अभिवादनही तितकेच बोलके असे. ब्राह्मण ब्राह्मणाला साष्टांग नमस्कार लिही, मराठा सरदार ब्राह्मणाला बहुधा दंडवत लिही आणि ब्राह्मणाकडून उलट आशीर्वाद जाई, मग तो सरदार वयाने आणि दौलतीने कितीही मोठा असो. पत्राचा मजकूर वाचण्याआधीच लिहिणारा कोण आणि घेणारा कोण हे कळून येई.

अशा व्यवस्थेत 'नमस्कार' हा शब्द भांडणाचा विषय झाला नसता तरच नवल. मुंबईच्या सोनारांनी आपसांत नमस्कार म्हणणे सुरू केले, तेव्हा पुण्याच्या दरबाराने आपल्या वकिलामार्फत त्याविरुद्ध कंपनी सरकारकडे तक्रार केली आणि १७७९ मध्ये मुंबई सरकारने सोनार जातीला तो शब्द वापरण्यास मनाई करणारा हुकूम काढला. परक्या व्यापारी कंपनीच्या कचेरीतून मराठी माणसाने मराठी माणसाला काय म्हणावे याचा निवाडा व्हावा, ही गोष्ट आज विनोदी वाटते. त्या काळी तिच्यावर जातीची प्रतिष्ठा अवलंबून होती.

उतरंडीच्या तळाशी 'जोहार' होता. महारांनी वरच्यांपुढे वाकून तो म्हणावा अशी रीत होती आणि चौदाव्या शतकातील चोखामेळ्यांच्या अभंगांतही तो आढळतो. विसाव्या शतकात आंबेडकरी चळवळीने जोहार टाकून दिला आणि त्याच्या जागी विदर्भातील कार्यकर्ते बाबू हरदास यांच्या नावाशी जोडला जाणारा 'जय भीम' आला, जो दोघांनीही एकमेकांना त्याच शब्दांत म्हणायचा असतो. उलट बाजूने तेच म्हणता येणे, हा यातला खरा बदल आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या समाजाने मधला पुरोहित नाकारला, तेव्हा दंडवत आणि आशीर्वाद यांच्या एकतर्फी देवघेवीलाही धक्का बसला. वारकऱ्यांनी ही वाट फार पूर्वी धरली होती. आळंदीहून निघालेली पालखी पुण्यात मुक्कामाला येते, तेव्हा आजही अनोळखी वारकरी एकमेकांच्या पायांना हात लावतात आणि पाणी वाटणाऱ्या पोरापासून बंदोबस्तावरच्या हवालदारापर्यंत सर्वांना 'माउली' म्हणतात. तेवढ्या दोन दिवसांपुरते पुणेही त्यात सामील होते.

पेशवाई १८१८ मध्ये संपली, तरी मायने संपले नाहीत. ते स्वस्त झाले. दरबारी 'राजमान्य राजश्री' आखडून 'रा. रा.' झाले आणि छापखाने आल्यावर वर्तमानपत्राचा साधा वर्गणीदारही रा. रा. म्हणवून घेऊ लागला. पुढे त्याची जागा 'श्री.' ने घेतली. वडिलांना लिहायच्या पत्रातील 'ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.' ही अक्षरे मात्र नंतरही कित्येक वर्षे शाळेत घोकून घेतली जात होती, आणि ती घोकणाऱ्या बहुतेक मुलांना शिरसाष्टांग म्हणजे काय हे ठाऊक नसे. लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.' अजून टिकून आहे. 'गं. भा.' मात्र बहुतेकांनी सोडून दिले, हे फार बरे झाले. विधवेच्या नावावर ती खूण ठेवण्यात आदर कमी आणि जाहिरात अधिक होती.

घरात फरक सर्वांत सावकाश पडला. आईला 'ए आई' आणि वडिलांना 'अहो बाबा' ही वाटणी अनेक मराठी घरांत होती. जवळीक आईच्या वाट्याला आणि बहुवचन वडिलांच्या. पत्नीने पतीचे नाव घ्यायचे नाही, 'इकडून येणे झाले' असे आडून बोलायचे, ही रीत आता गेली. तरी 'अहो' आणि 'अगं' यांची असमान जोडी काही घरांत अजून ऐकू येते. बाबांना 'ए बाबा' म्हणणारी पिढी मोठी झाली आहे आणि त्यामुळे वडिलांचा धाक कमी झाला, असे म्हणणाऱ्यांनी तो धाक पूर्वी कोणत्या कामी येत असे हेही एकदा आठवून पाहावे.

बाहेरच्या जगात 'बाई' या संबोधनाचे जे झाले, ते अधिक विचार करण्याजोगे आहे. सावित्रीबाई, रमाबाई या नावांत ते मानाने बसलेले आहे आणि पुण्याच्या मराठी शाळांत शिक्षिकांना पिढ्यानपिढ्या बाई म्हटले गेले. पुढे धुणेभांडी करणाऱ्या स्त्रीचा उल्लेखही 'आमची बाई' असा होऊ लागला, तशा शाळेतल्या बाई हळूहळू 'मॅडम' किंवा 'मिस' झाल्या. मग कामाला येणाऱ्या स्त्रीलाही 'बाई' म्हणणे बरे दिसेना, म्हणून तिला मावशी म्हटले जाऊ लागले. आता एकाच सोसायटीत, एकाच वयाच्या दोन स्त्रियांपैकी पोळ्या करायला येणारी 'मावशी' असते आणि समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारी 'काकू'. रिक्षावाले काका होतात, बँकेतले अधिकारी सर होतात. या दोघींची किंवा दोघांची संबोधने कोणी चुकूनही अदलाबदल करत नाही, आणि मुलांना ती कोणी शिकवावीही लागत नाहीत.