रिझ्युमेत कोणतं काम लिहायचं, कोणतं गाळायचं
भोसरी, चाकण, तळवडे भागातल्या नोकऱ्यांसाठी आमच्याकडे रिझ्युमे करून घेणाऱ्यांसाठी

‘जे जे केलंय ते सगळं टाका,’ असं आमच्याकडे बहुतेक जण सांगतात. सगळं टाकलं की ज्या जागेसाठी अर्ज आहे तेच काम दुसऱ्या पानाच्या तळाशी जातं. म्हणून आम्ही आधी विचारतो, अर्ज कशासाठी?

व्हीएमसी (संगणकाने चालणारं धातूकामाचं मशीन) ऑपरेटरच्या जागेसाठी असेल तर मशीनवरचं काम सगळ्यात वर. कंट्रोलर, म्हणजे मशीनचा संगणक, फॅनुक कंपनीचा होता की सीमेन्सचा, सेटिंग स्वतः करत होता की फक्त जॉब (घडवायचा भाग) लावत-काढत होता, मायक्रोमीटर हाताळला का, एवढं नेमकं हवं. मधे चार महिने पार्सल डिलिव्हरी केली असेल तर ती एका ओळीत. ती गाळू नका, नाहीतर मुलाखतीत त्या रिकाम्या महिन्यांवरूनच प्रश्न सुरू होतात. तीच डिलिव्हरी गोदामातल्या नोकरीसाठी मात्र वर घ्यायची.

सगळ्यात जास्त घोळ कंत्राटी कामात होतो. तुम्ही दोन वर्षं मोठ्या कंपनीच्या लाइनवर उभे होता, पण पगार आणि पीएफ कंत्राटदाराकडून. रिझ्युमेत फक्त कंपनीचं नाव दिलं, तर पडताळणीत यूएएनच्या (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) सर्व्हिस हिस्ट्रीत, म्हणजे आधीच्या नोकऱ्यांच्या नोंदीत, कंत्राटदाराचं नाव निघतं आणि खरं काम केलेला माणूस खोटा ठरतो. हे पाहून आम्हाला फार वाईट वाटतं. दोन्ही नावं लिहा: नोकरी अमुक कंत्राटदाराकडे, काम तमुक कंपनीच्या प्लांटमध्ये. यात कमीपणा काहीच नाही.

रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीखही त्याच नोंदीशी जुळवून घ्या. महिने वाढवून आम्ही लिहून देत नाही.

आयटीआयनंतरची अ‍ॅप्रेंटिसशिप मात्र पीएफच्या नोंदीत दिसत नाही. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखालच्या उमेदवाराला पीएफ लागू नसतो. तिथे प्रमाणपत्र हाच पुरावा. पहिली-दुसरी नोकरी शोधत असाल तर ते वर्ष आवर्जून लिहा. दहा वर्षं झाली असतील तर शिक्षणाखाली एक ओळ बास.

ताई-वहिनींना एक सांगणं. ‘घरचंच दुकान, ते काय लिहायचं?’ असं म्हणू नका. मालाची नोंद, उधारीची वही, बचत गटाचा हिशेब वर्षानुवर्षं सांभाळला असेल, तर अकाउंट्स किंवा स्टोअरच्या नोकरीसाठी तो अनुभवच आहे. पगार मिळाला नाही म्हणून तो कमी होत नाही. फक्त ‘घरचा व्यवसाय’ असं स्पष्ट लिहायचं.

पंधरा दिवसांत सोडलेली नोकरी, जिथे पीएफही सुरू झाला नाही आणि शिकण्यासारखंही काही नव्हतं, ती गाळली तरी चालेल. पण एखाद्या फॉर्मवर सगळ्या नोकऱ्या विचारल्या असतील, तर तिथे ती लिहायचीच.

येताना पगाराच्या स्लिपा, अनुभवाची पत्रं, अ‍ॅप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र आणि सर्व्हिस हिस्ट्रीची प्रिंट आणा. जाहिरातही आणा, मोबाइलवरचा फोटो चालेल. पीएफ खात्याचा पासवर्ड आम्हाला सांगू नका, लॉगिन तुम्हीच करा.