लाल कोटातला मोझार्ट: समोर बसवून काढलेलं चित्र नाहीये ते

लाल कोट, पांढरा विग, जरा बाजूला वळलेला चेहरा. मोझार्टचं हे चित्र कॅसेटच्या कव्हरपासून चॉकलेटच्या डब्यापर्यंत सगळीकडे दिसतं आणि खाली हमखास कोणीतरी लिहितं की मोझार्टला समोर बसवून काढलंय. अहो, मोझार्ट गेला १७९१ ला, चित्र आहे १८१९ चं! म्हणजे तब्बल २८ वर्षांनी.

काढलं बार्बरा क्राफ्टने. जन्म १७६४, इग्लाऊचा (आता चेक देशातलं यिहलावा), वडील योहान नेपोमुक श्टायनर स्वतः चित्रकार, त्यांच्याकडेच शिकली. व्हिएन्नाच्या योझेफ झोनलाइटनरला संगीतकारांची चित्रं जमवायची होती, मोझार्टचंही हवं होतं, आणि क्राफ्ट तेव्हा साल्झबुर्गमध्ये, जिथे मोझार्टची बहीण नानर्ल अजून हयात होती. तिने घरातली जुनी चित्रं दाखवली. त्यातलं एक १७८० च्या आसपासचं फॅमिली पोर्ट्रेट, त्यात भाऊबहीण एकाच पियानोवर वाजवतायत, हात एकमेकांवरून गेलेले, वडील व्हायोलिन घेऊन, आणि आई १७७८ लाच वारलेली म्हणून भिंतीवर तसबिरीत. त्यातही मोझार्ट लाल कोटातच आहे बघा.

म्हणून क्राफ्टचं काम कमी ठरत नाही. उलट जुन्या चित्रांवरून इतका जिवंत चेहरा उभा करायचा आणि तोही सख्ख्या बहिणीच्या नजरेखाली, हे मला तरी जास्त अवघड वाटतं. पुढे १८२१ मध्ये ती बाम्बेर्गला गेली, तिथे शहराची चित्रकार झाली आणि १८२५ ला तिथेच वारली. मोझार्टचं ते चित्र आजही व्हिएन्नात, गेझेलशाफ्ट डेर मुझिकफ्रॉइंडे या संगीत संस्थेकडे आहे.