पटर घट्ट धरू नका! पटिंग ग्रिपमागचं विज्ञान

गोल्फच्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर आणि बॉल जेमतेम ४२.६७ मिलिमीटरचा, म्हणजे जागा भरपूर आहे, तरी दहा फुटांवरून भलेभले चुकतात. का, ते कळायला शाळेतलं गणित पुरतं. पटर म्हणजे बॉल होलकडे हलकेच ढकलायची काठी (क्लब), आणि तिची बॉलला लागणारी बाजू म्हणजे फेस. बॉलला लागताना हा फेस फक्त १ अंश वाकडा असला तर दहा फुटांवर बॉल साधारण ५.३ सेंटिमीटर बाजूला जातो आणि होलच्या मध्यापासून काठ आहे ५.४ सेंटिमीटरवर. म्हणजे गेलाच तर काठाला घासून आत जाईल. वीस फुटांवर तेवढ्याच चुकीला माफी नाही. बॉल कुठल्या दिशेला निघणार हे पटर कुठल्या रेषेत फिरला यापेक्षा फेस कुठे बघत होता यावर कितीतरी जास्त ठरतं, आणि ऐनवेळी फेस फिरवतात ती आपली मनगटं.

मग काय, पटर घट्ट आवळून धरायचा? नाही, अजिबात नाही! स्नायू जितका जास्त जोर लावतो तितका त्या जोरातला चढउतारही वाढतो, हे आपल्या शरीराचं गणितच आहे. रिकामी बादली स्थिर धरता येते, भरलेली धरली की हात थरथरायला लागतो ना, तसंच. त्यात टेन्शन आलं की ॲड्रेनलिन वाढतं आणि हाताचा बारीक कंप अजून वाढतो. हा कंप कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधं गोल्फच्या स्पर्धांमध्ये बंद आहेत ती उगाच नाही.

त्यामुळे ग्रिपचं खरं काम म्हणजे मनगटं गप्प बसवायची आणि स्ट्रोक खांद्यांकडे सोपवायचा. बाकीचे क्लब बोटांत धरतात, पण पटर तळहातातून तिरका वर जाऊ द्यायचा, म्हणजे दांडा आणि कोपरापासूनचा हात जवळजवळ एका रेषेत येतो आणि मनगटाला वळायला वावच कमी राहतो. पटरच्या मुठीला (तिलाही ग्रिपच म्हणतात) पुढून सपाट बाजू असते (नियमात ही सवलत फक्त पटरलाच आहे), दोन्ही अंगठे तिच्यावर सरळ ठेवायचे.

उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा नेहमीचा घोळ म्हणजे खालचा उजवा हात. क्रिकेटमध्ये बॉटम हँड जास्त आला की बॅटचा फेस वळतो, इथेही तेच होतं. म्हणून बरेच जण डावा हात खाली घेतात. अमेरिकन गोल्फर जॉर्डन स्पीथने २०१५ ची मास्टर्स आणि यूएस ओपन या मोठ्या स्पर्धा अशाच ग्रिपने जिंकल्या. मला तरी नवशिक्यांनी सुरुवातच अशी करावी असं वाटतं, कारण डावं मनगट वाकत नाही आणि खांदेही जास्त समतल राहतात.

ज्यांना यिप्स होतात, म्हणजे पटरने जवळूनच मारायच्या फटक्याला (छोट्या पटला) हात अचानक झटका देतो, त्यांच्यासाठी तर ग्रिप बदलणं हा मोठाच आधार आहे. काहींमध्ये हा नुसता दबावाचा परिणाम असतो, काहींमध्ये फोकल डिस्टोनिया, म्हणजे तीच हालचाल हजारो वेळा करून मेंदूचं त्या स्नायूंवरचं नियंत्रण बिघडतं. जर्मनीचा गोल्फर बर्नहार्ड लँगर याला हा त्रास पुन्हा पुन्हा झाला. त्याने काय केलं, तर डावा हात दांड्यावर खूप खाली घेतला आणि पटरचं वरचं टोक डाव्या हाताच्या मनगट ते कोपर या भागाला टेकवून, ते टोक आणि तो हात दोन्ही उजव्या हाताने एकत्र पकडले. दिसायला विचित्रच, पण डाव्या मनगटाला हलायला जागाच उरली नाही, आणि १९९३ ची मास्टर्स त्याने याच ग्रिपने जिंकली.